मे महिन्यात युरोप: गरम कपडे किती आणि कोणते घ्यावेत?

सांजवात

आम्ही पार्ल्याचे. मेच्या पहिल्या आठवड्यात निघून लंडन, ॲमस्टरडॅम, पॅरिस, स्वित्झर्लंड आणि शेवटी रोम असा बेत आहे. टूर कंपनीबरोबर जात नाही, सगळं आपलं आपण आखलंय. म्हणजे बॅगा आपल्यालाच ओढायच्या आणि ट्रेनमध्ये चढवायच्याही आपल्यालाच. माणसं चार: सासूबाई (सत्तरी ओलांडलेल्या, कायम साडीत), नवरा, दहावीत जाणारा मुलगा आणि मी.

घरात सध्या दोन पार्ट्या पडल्या आहेत. नवरा म्हणतो, मे म्हणजे तिकडचा उन्हाळाच, एकेक स्वेटर टाका आणि चला. सासूबाईंच्या भिशीतल्या मैत्रिणींनी मात्र गुडघ्यापर्यंतचा ओव्हरकोट, माकडटोपी, दोन शाली अशी यादी लिहूनच दिली आहे.

मी प्रत्येक गावाचं मेमधलं तापमान बघितलं. पॅरिस दिवसा १९-२०, पहाटे १०. ॲमस्टरडॅम त्याहून दोन अंशांनी कमी. रोम दिवसा २३-२४. आणि मध्येच स्वित्झर्लंडमधलं बर्फाळ युंगफ्राऊयोख, ३,४५४ मीटर उंचीवर, जिथे मेमध्येही पारा शून्याखाली. एकाच बॅगेत हे सगळं बसवायचं आहे. माझं मत असं झालंय की देशाचं नाव बघून बॅग भरण्यात अर्थ नाही. त्या ठिकाणचा महिना, उंची आणि वारा-पाऊस बघूनच भरायला हवी. जाऊन आलेल्यांनी सांगा, मी बरोबर विचार करतेय का? आणि ज्येष्ठांसाठी काय करता? दिवाळीत, नाताळात इतर देशांत जाणाऱ्यांनीही लिहा, सगळ्यांनाच उपयोग होईल.

बोरिवली_फास्ट

मुंबईत जानेवारीत पहाटे १६-१७ अंश झाले की लोकलच्या दारात उभं राहवत नाही. तिकडे मेमध्ये सकाळी १० असतात आणि वर वारा. हा हिशोब नवऱ्याला दाखवा, एक पार्टी आपोआप मिटेल.

डोंगरवाट

सांजवात, तुमचा विचार बरोबर आहे. जाड कोट घेऊ नका, थर घ्या. सगळ्यात आत अंगालगत बसणारं थर्मल, त्यावर फ्लीसचं (मऊ, लोकरीसारख्या सिंथेटिक कापडाचं) जॅकेट किंवा लोकरीचा स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं पातळ विंडचीटर. तीन थरांमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरून ठेवते. एकच जाड कोट घातला की तुम्ही म्युझियममध्ये किंवा ट्रेनमध्ये शिरता तिथे हीटर चालू असतो, दहा मिनिटांत घाम फुटतो आणि तो बोजड कोट दिवसभर हातावर वागवावा लागतो. थर असले की एक काढून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकता येतो.

दुसरं म्हणजे आत सुती बनियन नको. आपल्याला सुतीची सवय आहे आणि मुंबईत तेच योग्य. पण सुती कापड घाम शोषून ओलंच राहतं. चढ चढून घाम आला आणि वर बर्फावर वाऱ्यात उभं राहिलात की त्या ओल्या बनियनची हुडहुडी भरते. पॉलिस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल घाम बाहेर टाकतं. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. पिसांचं डाऊन जॅकेट वजनाला हलकं आणि फार उबदार असतं, पण भिजलं की त्याची ऊब जाते, म्हणून पावसात त्यावर विंडचीटर हवंच.

तुमच्या या सहलीत खरी थंडी युंगफ्राऊच्या एकाच दिवसाची आहे. त्या दिवशी सगळे थर एकदम चढवायचे. बाकी दिवस दोन, रोममध्ये एक.

अबोली

सासूबाईंबद्दल लिहिते, कारण आईला आम्ही स्वित्झर्लंडला साडीतच नेलं होतं. सगळे म्हणत होते पंजाबी ड्रेस घाला. तिला नव्हता घालायचा आणि आम्हीही आग्रह धरला नाही. आयुष्यभर ज्या कपड्यात चालायची सवय आहे त्यातच पाय नीट पडतो.

काय केलं ते सांगते. परकराच्या आत फ्लीसचं अस्तर असलेली लेगिंग. परकर सुती न घेता सॅटिनचा, कारण सुती परकर लेगिंगला चिकटून वर सरकतो आणि चालताना पायात येतो. साडी सिंथेटिकची, घडी न मोडणारी, आणि नेहमीपेक्षा चार बोटं वर नेसलेली. हे फार महत्त्वाचं आहे. काठ जमिनीला टेकला की बर्फाचं पाणी वर चढतं आणि संध्याकाळपर्यंत पोटऱ्या गार पडतात. शिवून आणलेला ब्लाउज थर्मलवर बसेना, म्हणून पूर्ण बाह्यांच्या थर्मलवरून सैल टी-शर्टसारखे तयार ब्लाउज घेतले. निऱ्यांना आणि खांद्यावर दोन-दोन मोठ्या सेफ्टी पिना. त्यावर पुढून चेन असलेलं फ्लीस आणि वर गुडघ्याच्या जरा वरपर्यंत येणारं विंडचीटर. पदर फ्लीसच्या आत. म्हणजे वाऱ्याने उडत नाही आणि छातीवर एक थर वाढतो.

पायात लोकरीचे मोजे आणि बंद बूट. साडीवर बूट कसे दिसतील याची तिला फार काळजी होती. तिथे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. एका जपानी आजींनी मात्र साडीचा काठ हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला आणि दोघींनी मिळून फोटो काढला.

सांजवात

अबोली, किती बारकाईने लिहिलंत! सॅटिनच्या परकराचं डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "बघ, साडीतही जाता येतं." आता त्यांनी ओव्हरकोटाचा नाद सोडलाय.

खारीबटर

मी थोडं वेगळं सांगेन. थर वगैरे सगळं ठीक, पण चार माणसांना प्रत्येकी तीन थर विकत घ्यायचे आणि परत आल्यावर मुंबईत ते कपाटात ठेवायचे, याला काय अर्थ आहे? मुंबईत फ्लीस कधी घालणार? आमच्या सोसायटीत जॅकेटं फिरती आहेत. कुणीतरी घेतलेलं असतं, जो जातो तो नेतो, आल्यावर ड्रायक्लीन करून परत देतो. आजवर कुणाचं अडलं नाही. थर्मल तेवढी आपली आपण घ्यावीत.

मुलुंडची_मी

खारीबटर, कल्पना छान आहे, पण उसनं जॅकेट मापाचं हवं. मोठं झालं तर खालून वारा शिरतो, घट्ट झालं तर आत थर मावत नाहीत. दुकानात घेतानाही आत स्वेटर घालूनच मापाला बघावं. डेकॅथलॉनसारख्या खेळाच्या सामानाच्या दुकानात मुलांची फ्लीस स्वस्तात मिळतात. वाढत्या वयाच्या मुलासाठी महागाचं घेऊ नये, पुढच्या वर्षी बाह्या तोकड्या होतात.

पागोळी

कपड्यांवर सगळे बोलतायत, बुटांवर कुणीच नाही. मुंबईकरांनी हे नक्की वाचा.

माळ्यावर बॉक्समध्ये ठेवलेले जुने ट्रेकिंगचे किंवा जाड सोलचे बूट परदेशात नेऊ नका. वरून अगदी नवे दिसतात. पण त्यांचा मधला सोल बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणामुळे तो आतून कुजत जातो. न वापरता नुसता ठेवला तर तर जास्तच. मुंबईत चार-पाच पावसाळे बघितलेला बूट घालून चालायला लागलं की सोलचा अक्षरशः भुगा होतो. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचा बूट ल्युसर्नला तलावाकाठी सुटला. आधी टाचेपाशी पांढरी भुकटी पडायला लागली, मग चालता चालता तळवाच वेगळा झाला. दुसऱ्या पायाचीही तीच गत. रविवार होता, दुकानं बंद. काका दिवसभर हॉटेलच्या स्लिपर्समध्ये.

बूट निघायच्या आधी महिनाभर काढा, अंगठ्याने सोल जोरात दाबून बघा. भेगा दिसल्या, चिकट लागला किंवा खळी पडून तशीच राहिली तर ठेवून द्या. बरा वाटला तरी रोज शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारा. नवे घेतले असतील तरी हेच करा, नाहीतर लंडनमध्ये पहिल्याच दिवशी टाचेला फोड.

दादर_टीटी

पागोळींना अनुमोदन. जॅकेटांचंही तसंच होतं. विंडचीटरच्या आतला पाणीरोधक मुलामा मुंबईच्या हवेत सुटतो. आत हात फिरवलात की पापुद्रे निघतात आणि चिकट लागतं. ते जॅकेट पाऊस अडवत नाही. निघण्यापूर्वी बाथरूममध्ये नेऊन वरून तांब्याभर पाणी ओता, आत ओल आली की कळलंच.

बॉक्स पलंगात वर्षभर पडलेल्या स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास असतो तो वेगळाच. आठवडाभर आधी बाल्कनीत वाऱ्यावर टाका. एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत वास जातो.

निळाई

तुम्ही सगळे थंडीचं लिहिताय म्हणून उलटी बाजू सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी युरोप म्हणजे गारवा असं अजिबात धरून चालू नये. २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश नोंदवले गेले. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये ४० च्या वर गेलं होतं. तिथल्या जुन्या इमारतींमध्ये आणि बऱ्याच छोट्या हॉटेलांत एसी नसतो, पंखाही नसतो. खिडकी अर्धवट उघडते. माझी मावशी तीन स्वेटर घेऊन गेली आणि मिलानमध्ये सुती गाऊन शोधत फिरत होती.

रोमला मेमध्येही ऊन लागेल. टोपी, गॉगल, सनस्क्रीन हवंच. पण व्हॅटिकनमध्ये सेंट पीटर्सला खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, मुलाला त्या दिवशी शॉर्ट्स घालू देऊ नका. तुमच्यासाठी एक मोठी सुती ओढणी ठेवा, विमानातही पांघरता येते.

बोरिवली_फास्ट

गॉगल युंगफ्राऊलाही लागेल. बर्फावरून ऊन परत येतं, डोळे उघडवत नाहीत. आजींचा चष्मा असेल तर त्यावर बसणारा मोठा गॉगल मिळतो.

चाफा

खाण्याचं काय नेताय? पार्ल्याची माणसं चकलीशिवाय सहार विमानतळापर्यंतही जात नाहीत. :)

सांजवात

हा हा. चिवडा, मेतकूट, गूळपोळ्या, इन्स्टंट उपमा काढून ठेवलाय. सासूबाईंचा हट्ट आहे की घरचं तूप आणि डब्बाभर पेढे हवेत.

तळ्यात_मळ्यात

सांजवात, पेढे आणि तूप ठेवा घरीच. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, पनीर, श्रीखंड सगळं त्यात येतं. दरवेळी बॅग उघडतीलच असं नाही, पण उघडली तर माल जप्त होतो आणि सासूबाईंना वाईट वाटेल. बटर तिथे उत्तम मिळतं, मेतकूट भातावर तेच घ्या. गूळपोळीला तूप लागतंच म्हणा, तिथेही तेच बटर.

मुंबईहून निघतानाच अडणाऱ्या गोष्टीही आहेत. लोणचं हँडबॅगेत नको, चेक-इनमध्ये टाका, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्यात तेल असल्याने पेट घेण्याचा धोका मानतात. पॉवर बँक उलट चेक-इनमध्ये अजिबात नको, हातातच ठेवायची. हँडबॅगेत द्रव पदार्थ १०० मिलीपर्यंतच्या बाटल्यांतून.

आणि हे युरोपापुरतं झालं. दुबईला खसखस नेऊ नका, यूएईमध्ये ती बंदी असलेल्या गोष्टींत मोडते. घरच्या मसाल्यात खसखस असेल तर तो मसालाही नको. सिंगापूरला च्युइंगम नको.

खारीबटर

अनारसे गेले मग दुबईच्या यादीतून.

मुलुंडची_मी

खाण्यावरून पुन्हा बॅगेवर येते. मेमध्ये मुंबईतून निघताना ३३-३४ अंश आणि घामाच्या धारा. उतरता हीथ्रोला तेव्हा बाहेर ९-१०. मधला बदल बॅगेत नीट बसवला पाहिजे. सहारला थर्मल घालून जाणं शक्य नाही. म्हणून पहिल्या दिवसाचं फ्लीस, विंडचीटर आणि मोजे केबिन बॅगेत अगदी वर. विमानातही लागतात. लंडनला सामानाच्या पट्ट्यापाशी उभे असतानाच अंगावर चढवायचे.

दुसरी सवय: चौघांचे कपडे चार बॅगांत वेगवेगळे भरू नका. प्रत्येकाचे निम्मे कपडे दुसऱ्याच्या बॅगेत. एक बॅग मागे राहिली तरी कुणीच उघडं पडत नाही. आमच्या परतीच्या कनेक्टिंग फ्लाइटला एक बॅग तीन दिवस आली नव्हती तेव्हा हीच सवय कामी आली.

आजींची औषधं पूर्ण सहलीची, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपल्या ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. इन्सुलिन घेत असतील तर ते चेक-इनमध्ये कधीच टाकू नका, सामानाच्या कप्प्यात गोठू शकतं.

अबोली

आणि खोबरेल तेल! २४ अंशांखाली ते गोठतं. मुंबईत मेमध्ये बाटली कधी गोठलेली बघितलेली नसते, पॅरिसच्या हॉटेलात सकाळी आई बाटली उलटी करून हलवत बसली होती. रुंद तोंडाच्या छोट्या डबीत न्या म्हणजे बोटाने काढता येतं. व्हॅसलीनही ठेवा. कोरड्या हवेत आपल्या मुंबईकरांचे ओठ आणि टाचा दोन दिवसांत फुटतात.

डोंगरवाट

तापमानाच्या ॲपवर एकच आकडा बघू नका, वाऱ्याचा वेग आणि पाऊसही बघा. ॲमस्टरडॅमला वाऱ्यात छत्री उलटी होते, तिथे टोपीचं विंडचीटरच बरं. ट्युलिप बघायचे असतील तर क्युकेनहॉफची बाग साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते, सहलीचा क्रम त्याप्रमाणे लावा.

रोमच्या जुन्या भागात दगडी फरसबंदी आहे. चार छोट्या चाकांच्या बॅगेची चाकं त्या दगडांच्या फटीत अडकतात. मोठ्या दोन चाकांची, मागे ओढायची बॅग बरी पडते. आजींकडे फक्त पाठीवरची हलकी सॅक द्या.

निळाई

मेमध्ये पॅरिसला रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. मुलाला मजा येईल, आजींना झोप येणार नाही. डोळ्यांवरची पट्टी घ्या. जूनमध्ये नॉर्वेच्या उत्तरेला जाणाऱ्यांना तर ती लागतेच, ट्रॉम्सोला तेव्हा सूर्य मावळतच नाही.

लोअर_परळ

युरोपाबाहेरचं लिहितो, धाग्यात मागितलंय म्हणून. व्हिएतनामला जानेवारीत जाणारे सगळे "अतिपूर्व म्हणजे गरम" असं म्हणून शॉर्ट्स भरतात. हनोईला जानेवारीत पहाटे १४-१५ अंश असतात, ढगाळ आणि दमट, त्यामुळे गारठा जास्त जाणवतो. त्याच दिवशी हो ची मिन्ह सिटीत ३० च्या पुढे. मध्ये दा नांग-होई आनचा भाग आहे, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धो धो पाऊस आणि पूर. एक देश, पण कपडे तीन तऱ्हेचे.

थायलंडमध्येही दोन किनाऱ्यांचे पावसाळे वेगळे. फुकेतला मे ते ऑक्टोबर, को सामुईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. दिवाळीत जाणाऱ्यांनी हे बघूनच बेट निवडावं. बाली उलट, तिथे पाऊस नोव्हेंबर ते मार्च. आपल्या पावसाळ्यात जुलैमध्ये बालीला छान कोरडी हवा मिळते.

दादर_टीटी

केनियाचंही सांगतो. मसाई मारात जुलै-ऑगस्टमध्ये प्राण्यांचं स्थलांतर बघायला जातात आणि आफ्रिका म्हणून नुसते सुती शर्ट नेतात. पठार उंचावर आहे, नैरोबी जवळजवळ १,८०० मीटरवर. पहाटे सहा वाजता उघड्या टपाच्या जीपमध्ये वारा कानात शिरतो. कानटोपी आणि फ्लीस हवंच. दुपारी मात्र शर्टावर. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, त्से त्से माश्या त्या रंगांकडे येतात. खाकी, मातकट रंग चांगले.

आणि आपली सगळ्यांची सवय म्हणजे बॅगेत प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, टांझानियात २०१९ पासून. कापडी पिशव्या शिवून घ्या. जुन्या परकराच्या कापडाच्या नाडीवाल्या पिशव्या आमच्या आईने केल्या, अजून वापरतोय.

पिवळ्या तापाची लस निदान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र परत मुंबईत उतरताना दाखवावं लागतं. ते पासपोर्टलाच जोडून ठेवा.

खारीबटर

दादर_टीटी, बरोबर, पण एक विचारतो. इतकं सगळं वाचून माणूस घाबरून तीस किलोची बॅग भरेल. लोक जास्त सामानानेच हैराण होतात, कमी सामानाने नाही. राहिलेली वस्तू तिथे मिळते की. पॅरिसला काय स्वेटर मिळत नाहीत?

पागोळी

मिळतात, पण मेच्या सुरुवातीला तिकडच्या दुकानांत उन्हाळी माल लागलेला असतो. सीझन संपला की थर्मल आणि हातमोजे मांडणीवरून जातात. मुंबईत उलट, बारा महिने ट्रेकिंगच्या दुकानात मिळतं. आणि सत्तरीच्या आजींना पहिल्याच दिवशी थंडी वाजली तर दुकान शोधत कोण फिरणार? तरण्यांनी तिथे घ्यावं, ज्येष्ठांचं इथूनच न्यावं.

खारीबटर

हे पटलं. ज्येष्ठांचं इथून.

अबोली

मग ज्येष्ठांचं पिशवीभर सामान वाढेल ते खरं, पण तेवढंच. एक प्लॅस्टिकचा छोटा तांब्याही ठेवा, तिकडच्या संडासात पाण्याचा जेट नसतो.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी आम्ही चौघंही बाहेर पडलो. ठरलं ते लिहिते.

प्रत्येकी दोन थर्मलचे जोड, एक फ्लीस, एक विंडचीटर. मुलाचं विंडचीटर शेजाऱ्यांकडून, मापाचं निघालं. सासूबाईंचे नवे फ्लीस-लेगिंग दोन, सॅटिनचे परकर दोन, सिंथेटिक साड्या चार आणि समारंभाची एकही नाही. नवऱ्याचे माळ्यावरचे बूट काढले. दिसायला नवे, पण अंगठा दाबल्यावर टाचेपाशी बारीक भेगा उघडल्या. पागोळी, तुमच्यामुळे ते घरीच राहिले. सासूबाई गेले दहा दिवस नवे बूट घालून संध्याकाळी दीनानाथ नाट्यगृहाच्या बाजूने चालून येतात. कालच म्हणाल्या, आता बूट पायाला ओळखू लागलेत.

वजन घरीच केलं, समोरच्या रद्दीवाल्याने त्याचा काटा आणून दिला. चौघांच्या तीन बॅगा, कुठलीही १८ किलोवर नाही.

एकच प्रश्न राहिलाय. रोमहून परत आल्यावर हे सगळं पुढच्या वेळेसाठी ठेवायचं कसं? आल्यावर दोन आठवड्यांत पाऊस सुरू होईल.

पागोळी

आल्या आल्या ठेवू नका. मेअखेर ऊन असतं त्याचा फायदा घ्या. थर्मल धुऊन दोन उन्हं द्या. फ्लीस थंड पाण्यात, सॉफ्टनर न घालता. विंडचीटर घडी न करता हँगरवर टांगा, घडीच्या रेषेवरच मुलामा फुटतो. लोकरीचं सगळं पूर्ण कोरडं झाल्यावर जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात, प्लॅस्टिकमध्ये नको, आत ओल कोंडते. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बूट माळ्यावर नको, चपलांच्या रॅकमध्येच ठेवा आणि पावसाळ्यातही अधूनमधून घाला. वापरात राहिलेला सोल जास्त टिकतो.

कांदिवलीकर

उशिरा येतोय धाग्यावर. आम्ही दिवाळीत न्यूझीलंडला जातोय, दक्षिण बेटावर चार-पाच छोटे ट्रेक आहेत. नोव्हेंबर म्हणजे तिथे वसंत, एवढं कळलं. डोंगरवाट, वेगळं काही लागेल का?

डोंगरवाट

थर तेच, फक्त विंडचीटर चांगल्यातलं घ्या. दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा प्रचंड पावसाचा आहे, मिलफर्ड साउंडला तर वर्षाला सहा मीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. वसंतातही एका दिवसात ऊन, पाऊस आणि गार वारा तिन्ही. ऊन फसवं असतं, हवा थंड असली तरी त्वचा भाजते, सनस्क्रीन रोज.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमचे ट्रेकचे बूट. बाहेरची माती आणि बिया आत येऊ नयेत म्हणून तिथल्या विमानतळावर ट्रेकिंगचे बूट, तंबू, काठ्या जाहीर कराव्या लागतात आणि ते तपासतात. खाण्याची प्रत्येक वस्तूही फॉर्मवर लिहायची, चिवड्यासकट. लिहिलं आणि काढून घेतलं तर दंड नाही, लपवलं तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड जागेवर. तेव्हा आदल्या आठवड्यात जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन सोलच्या खाचांमधली सह्याद्रीची माती पूर्ण काढा. लेस काढून जिभेच्या आतही बघा, कुसळं तिथे लपतात. उन्हात वाळवा आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा, म्हणजे मागितले की लगेच काढून दाखवता येतील.